पाठ न लागलेला वस्ताद

“मग मी आता कोण, वस्ताद?”

मलगोंडा आखाड्याच्या कठड्याला धरून उभा होता. डाव्या गुडघ्याला पट्टा. कुस्ती संपली, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

बाबालाल वस्ताद मातीतले खडे वेचत होते. मी, तालमीतला पोऱ्या, दाराशी पाणी शिंपडत होतो, तो थांबलो.

“लहान होतो मी. तुम्हीच आमच्या बाबांना म्हणालात, पोरगं द्या, पैलवान करतो. शाळा सुटली. दुसरं काही येत नाही मला.”

“म्हणालो होतो...”

“आता मामा म्हणतोय, कापडदुकानाच्या दारावर उभा राहा. गिऱ्हाईक आलं की दार उघडायचं. उद्या कळवायचंय.”

“मग?”

“ज्या पेठेतनं हत्तीवर बसवून फिरवलं मला, त्याच पेठेत दार उघडू? पोरं हसतील. पैलवान, जरा पिशवी धरा, म्हणतील.”

“म्हणतील.”

“त्यापेक्षा मेलेलं बरं.”

वस्तादांच्या हातातला खडा खाली पडला.

मग मलगोंडाच हळू म्हणाला, “गुडघ्याचं काही नाही हो. पहाटे आपोआप जाग येते. लंगोट शोधतो. आणि मग... कुठं जायचंच नसतं.”

वस्तादांनी मान खाली घातली.

“तुम्हाला नाही कळायचं ते. तुमची पाठ कधी लागली नाही.”

हे खरं होतं. पाठ मातीला टेकली की कुस्ती गेली, आणि बाबालाल वस्तादांची पाठ आजवर कुणाला टेकवता आली नव्हती. लोक त्यांना तेवढ्यावरूनच ओळखत. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोखालीही तेच लिहिलं होतं.

वस्ताद उठले. पटका खुंटीला अडकवला. सदरा काढला. बरगड्या वर आल्या होत्या. कठड्याला धरून पुन्हा आखाड्यात उतरले आणि हात पुढे केला.

“ये. पाड मला.”

“वस्ताद, काय हे...”

“पाड म्हणतो ना.”

“मी नाही हात लावायचा तुम्हाला.”

वस्ताद थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खाली बसले. एक हात टेकला, दुसरा टेकला, आणि सावकाश मागे आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला लावले.

मलगोंडा ओरडला, “उठा! कुणीतरी बघेल!”

वस्ताद हलले नाहीत. वर बघत राहिले.

“उठा हो... पाया पडतो तुमच्या.”

ते उठेनात, तेव्हा मलगोंडा पाय ओढत आखाड्यात उतरला. त्यांच्या बगलेत हात घालायला गेला, आणि तिथंच बसून रडायला लागला. एवढा मोठा गडी.

वस्तादांनी त्याच्या पट्ट्यावर हात ठेवला. नजर मात्र वरच होती.

“कधीपासनं फुटलंय रे हे छप्पर? मला कधी दिसलंच नाही...”