नाडी अठ्ठ्याहत्तर

"तिला काढू की नको, एवढंच सांगा, मेट्रन."

डाबरे मेट्रन वसईच्या घराच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. समोर बसलेल्या डॉ. हेरंब लोटलीकरला नाडी बघायला शिकवली ती त्यांनीच. पूर्ण मिनिटाऐवजी पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्याला त्या वॉर्डाबाहेर उभं करत. हेरंब दोनदा उभा राहिला होता.

आता तो इस्पितळाचा प्रमुख होता. कागदी नोंदी बंद करून त्याने खाटेखाटेची माहिती कॉम्प्युटरवर आणली. औषधांची अदलाबदल थांबली, रिपोर्ट हरवेनासे झाले. त्याला अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

मग गेल्या मंगळवारी दत्तू मेहेर हा पेशंट गेला. ऑपरेशन नीट झालं होतं, पण पोटात रक्तस्राव सुरू झाला. कॉम्प्युटरवर मात्र सकाळपासून नाडी अठ्ठ्याहत्तर, चारही वेळा.

पहिली नोंद खरी होती. पुढच्या तिन्ही वेळी नर्स नयना घरतने 'पूर्वीप्रमाणे' हे बटण दाबलं होतं. ते टेबलापासूनच दाबता येई, आणि दाबलं की मागचाच आकडा पुढे येई. दत्तूची बायको दोनदा सांगून गेली होती, यांचे हात गार पडलेत. येते म्हणाली नयना, पण तिला जमलं नाही.

तिला कामावरून काढण्याचं पत्र हेरंबच्या खिशात होतं. फक्त सही बाकी होती.

"कागद असता तर कळलंही नसतं," तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "कॉम्प्युटरमुळे कळलं, नंतर ती खाटेपाशी गेलीच नव्हती."

"खरं आहे," मेट्रन म्हणाल्या. "आमचं कधी कळलं नाही."

त्यांनी एक शेंग सोलून दाणे सुपलीत टाकले.

"गॅस्ट्रोच्या साथीत मीही नाडीचे आकडे अंदाजाने भरायचे रे. एक बाई गेली... अजून चेहरा आठवतो."

मेट्रननी पुढची शेंग हातात घेतली.

"ते बटण कोणी केलं?"

"मी करून घेतलं. सिस्टरांचा वेळ वाचावा म्हणून."

"वाचला?"

"वाचला."

"मग त्या वेळाचं काय केलंस?"



"आठ खाटा वाढवल्या... नर्स तेवढ्याच ठेवून."

मेट्रननी सुपली बाजूला सारली आणि त्याचं मनगट धरलं. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. पंधरा सेकंद झाले, त्या थांबल्या नाहीत. तो बोलायला गेला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दत्तूचा हात कुणी असा धरला असता तर... हेरंबला रडू आलं आणि ते त्याला लपवता आलं नाही.

मिनिट पुरं झालं.

"एकशे चार," मेट्रन म्हणाल्या. "आणि हात गार."

त्याने खिशातलं पत्र काढून ओटीवर ठेवलं.

"मग याचं काय करू?"

मेट्रननी सुपली पुन्हा पुढ्यात ओढली.

"आधी नयनाची नाडी बघून ये. चारने गुणू नकोस."