कणीच्या वारुळाला भोक

एक होती वाळवी. तांदळाच्या कणीएवढी. म्हणून तिचं नाव कणी.

कणी पाला खायला गेली. पोट भरलं. घरी निघाली. लुटु लुटु, लुटु लुटु.

कणीला वाटलं, घरी अंधार असेल. माती ओली असेल. गार गार वाटेल. वाळवीला असंच घर आवडतं.

पण घरी काय होतं? ऊन! लख्ख ऊन! वारुळाला हे एवढं भोक! आत पिलं वळवळत होती.

"ताई, भाजतंय! ताई, भाजतंय!"

शेजारी एक ढेकूळ पडलं होतं.

"ढेकळा, ढेकळा, भोक बुजव."

ढेकूळ म्हणालं, "मी कोरडं ठणठणीत. मला चिकटताच येत नाही. लाज वाटते गं! पाणी भिजवेल, तर मी बुजवेन."

कणी रांजणाकडे गेली. लुटु लुटु, लुटु लुटु.

"पाण्या, पाण्या,
ढेकूळ भोक बुजवेना,
पिलांना ऊन सोसेना!"

पाणी हललं. डुबुक डुबुक. "मी रांजणात बसलेलं. मला पायच नाहीत. लाज वाटते गं! तांब्या आणेल, तर मी भिजवेन."

कणी तांब्याकडे गेली. लुटु लुटु, लुटु लुटु.

"तांब्या, तांब्या,
पाणी ढेकूळ भिजवेना,
ढेकूळ भोक बुजवेना,
पिलांना ऊन सोसेना!"

तांब्या म्हणाला, "मी पडलो तोंडावर. उठताच येत नाही. लाज वाटते गं! शेवू उचलेल, तर मी आणेन."

शेवू दाराआड लपली होती. इवलीशी मुलगी. तोंडावर हात. हाताला माती.

"शेवूताई, शेवूताई,
तांब्या पाणी आणेना,
पाणी ढेकूळ भिजवेना,
ढेकूळ भोक बुजवेना,
पिलांना ऊन सोसेना!"

शेवू मुसमुसली. "वारूळ मीच फोडलं, कणे. आईला चुलीला माती हवी होती. आई म्हणाली, खाली सांडलेली वेच. वारुळाला हात लावू नको. मी काठी मारली. धप्प! आई म्हणाली, किती मऊ माती! शहाणी गं माझी बाय! मी बोललेच नाही काही. लाज वाटते गं! आई बोलवेल, तर मी येईन."

आई चूल लिंपत होती. सपक सपक, सपक सपक.

"मावशी, मावशी,
शेवू तांब्या उचलेना,
तांब्या पाणी आणेना,
पाणी ढेकूळ भिजवेना,
ढेकूळ भोक बुजवेना,
पिलांना ऊन सोसेना!"

"अगं बाई! एवढीशी तू, केवढी गं बोलतेस! शेवू का उचलेना?"

"तिलाच विचारा."

"शेवू, ये गं इकडे."

शेवू आली. पाय ओढत आली. "आई, ती माती सांडलेली नव्हती. वारूळ मी फोडलं."

आईनं हातातल्या मातीकडे पाहिलं. हात थांबला. "मीही विचारलं नाही, एवढी माती आली कुठून. मलाही लाज वाटते. चल, भोक बुजवू."

मग आईनं शेवूचा हात धरला.
शेवूनं तांब्या उचलला.
तांब्यानं पाणी आणलं.
पाण्यानं ढेकूळ भिजवलं.
ढेकळानं भोक बुजवलं.
चप्! चप्! चप्!

आत अंधार झाला. गार गार झालं. पिलं गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारुळापाशी पावलं वाजली. शेवू होती. हातात आंब्याची वाळकी फांदी. भुसभुशीत! वाळवीचा खाऊ! शेवूनं ती हळूच ठेवली. मान खाली घालून उभी राहिली.

आत कणी विचार करत होती. गप्प बसू? की बोलू?

कणीनं ठरवलं. ती फांदीखाली आली. लुटु लुटु, लुटु लुटु.

"शेवूताई," ती म्हणाली, "पिलं झोपलीत. मान वर कर बघू."