उशिरा येणाऱ्याची सतरंजी

बचत गटांच्या विभागीय मेळाव्याचे प्रमुख पाहुणे आमदारसाहेब. बोलावलं होतं सकाळी, उगवले आमची जेवणं झाल्यावर! वर माइक धरून आम्हालाच शिकवू लागले, "बायांनो, शिस्त पाळा! गटाचा नियम सगळ्यांना सारखा, लहान असो की मोठा!"

टाळ्या थांबल्यावर आमच्या कोंडाबाई उठल्या.

"लाखमोलाचं बोललात, साहेब. आमच्या गटाचा नियम आहे, उशिरा येईल त्यानं शेवटी सतरंज्यांच्या घड्या घालायच्या."

मग सगळ्या बायका उठून सतरंज्यांवरून बाजूला झाल्या.

साहेब घाम पुसत वाकले. एवढी लांब सतरंजी एकट्याला आवरेना. कोंडाबाईंनी हसत दुसरं टोक उचललं.

"एकट्यानं नाही व्हायचं, साहेब. म्हणून तर आम्ही गट केला!"