केवळाबाईचा उलटा बांध

"या बाराजणांत बांध घालणं खरंच कुणाला कळतं आणि कोण ढोंगी, ते सूर्य मावळायच्या आत मला दाखवा! नाहीतर बाराही सनदा फाडून टाकतो!"

नांदखोऱ्याचा राजा कीर्तिसेन भर वर्गात गरजला. राज्याच्या पाटबंधारे शाळेतली ही शेवटच्या वर्षाची मुलं. चार वर्षं घासून शिकलेली, आठ दिवसांत सनद मिळणार होती. पण सरावासाठी त्यांनी ओढ्यावर घातलेला बांध पहिल्याच पाण्याला वाहून गेला. मग चौकशी झाली. बांधाचा पाठ स्वतः महाराजांनी शिकवला होता आणि चौकशीही महाराजांनीच केली. तेव्हा दोष कुणाचा निघाला, हे सांगायला नकोच!

"शिकवताना दर वाक्याला मी विचारलं, समजलं? दर वेळी बाराजण ओरडले, समजलं, महाराज! मग बांध वाहिला कसा?"

दामोदरशास्त्री हे शाळेचे मुख्य. ते चाचरत म्हणाले, "महाराज, एक परीक्षा घेतली तर..."

"परीक्षा? म्हणजे माझ्या शिकवण्यावर संशय? परीक्षा घ्यायची नाही!"

परीक्षा न घेता पारख करायची! शास्त्रीबुवांनी पंचांग उघडलं. दुसरं काय करणार?

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मी दाखवते की!"

शाळेत पाणी भरणारी केवळाबाई कमरेवर कळशी घेऊन उभी होती.

"तू? तुला यातलं काय कळतं?"

"वीस वर्षं या दारात पाणी भरतेय, महाराज. पाठ कानावर पडतात, त्याची कुणी फी मागितली नाही अजून!"

राजाच्या मिशा हलल्या. "बरं. पण चुकलीस तर शाळेची पायरी चढायची नाही."

केवळाबाईनं कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि थेट महाराजांच्या आवाजात सुरू केलं, "ऐका! बांध वर चांगला रुंद ठेवावा आणि तळाशी निमुळता करावा. समजलं?"

"समजलं!" बाराजण एका सुरात ओरडले.

"वा!" महाराजांनीही मान डोलावली.

"मग झालं वाटोळं," केवळाबाई म्हणाली. "मी बांध उलटा सांगितला."

शास्त्रीबुवांनी पंचांग मिटलं. राजा लालबुंद झाला. "म्हणजे बाराही ढोंगी! आणा त्या सनदा!"

"थांबा, महाराज! पोरं सवयीनं ओरडली, आणि मान तुम्हीपण डोलावलीत. तुमचं काय फाडायचं?"

राजाचा हात मिशीवर गेला. तोवर बाई मुलांकडे वळली. "पोरांनो, बांध तळाशी रुंद लागतो, वर निमुळता. पण का? दाराजवळचा हा रांजण भरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. नुसता विचार करायचा."

पहिल्या रांगेतल्या पद्मनाभचा हात सवयीनं वर गेला.

"हात खाली, दादा! तुझं रोजच ऐकतो आम्ही."

बाईनं रांजणात एक कळशी ओतली. बाहेरून भरून आणून दुसरी ओतली. महाराज चुळबुळले. "अगं, सोपं आहे, मी सांगतो..."

"महाराज, रांजण भरलाय का?"

महाराज गप्प बसले. राज्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं!

रांजण भरला. बाईनं शेवटच्या रांगेतल्या तुळाजीकडे बोट केलं. चार वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मावशी, नक्की माहीत नाही," तो अडखळला.

"नक्की नसलं तरी चालेल. वाटतं ते सांग."

"माठाला वर भोक पडलं तर पाणी नुसतं गळतं. तळाशी पडलं तर धार लांब उडते. म्हणजे खाली पाण्याचा रेटा जास्त. म्हणून बांधही खालीच जाड हवा."

"पद्मनाभदादा, पटलं?"

"पटलं!"

"का पटलं?"

पद्मनाभनं छताकडे पाहिलं, मग पायांकडे. शेवटी हळूच म्हणाला, "मला येत नाही, मावशी."

"शाब्बास! आज पहिल्यांदा खरं बोललास."

मग बाई एकेकाकडे गेली. कुणाला 'का' विचारलं, कुणाला 'कशावरून', कुणाला 'मातीऐवजी वाळू असती तर?' दर वेळी ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. ऊन उतरायच्या आत हिशेब लागला. सातजणांना कळलं होतं, पाचजणांना नव्हतं. आणि नेमकं काय अडतंय, ते पाचहीजण स्वतःच्या तोंडानं सांगत होते.

राजा चिडून म्हणाला, "पण दर वाक्याला मीही विचारतच होतो ना! मला कशी नाही मिळाली ही उत्तरं?"

"तुम्ही विचारत कुठं होता, महाराज? तुम्ही तर होकार गोळा करत होता!"

शास्त्रीबुवांनी डोळे घट्ट मिटून घेतले. राजानं बाईकडे रोखून पाहिलं, मग तुळाजीकडे, मग भरलेल्या रांजणाकडे. आणि एकदम तो इतका मोठ्यानं हसला की बाहेरचे पहारेकरी भाले सावरत आत धावले!

सातजणांना त्याच दिवशी सनदा मिळाल्या. पाचजणांना आणखी तीन महिने मिळाले, आणि शिकवायला केवळाबाई मिळाली. राजानं आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि तिला शास्त्रीबुवांच्या शेजारचं आसन दिलं, त्यांच्याइतक्याच पगारावर!