मनगटावरचे वळ

फार पूर्वी, गुन्हेगाराला गडाच्या कड्यावरून लोटत असत त्या काळी, डोंगराखालच्या एका गावात एक कासारीण राहत होती. दारोदार हिंडून ती बायकांना बांगड्या भरायची. तोंडाची फटकळ, पण खोटं म्हणून कधी बोलायची नाही. "कासारीण म्हणाली ना? मग झालं," असं गाव म्हणायचं.

एका पहाटे देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. धुकं दाट होतं. त्यातून घोंगडी पांघरलेला एक माणूस पळताना कासारणीला दिसला होता.

पाटलाने शोध घेतला. गावात परका असा एकच, घोंगड्या विणून विकणारा विणकर. आधीच परका, त्यात घोंगडीवाला. आणखी काय हवं? पाटलाने त्याचे हात दोराने करकचून बांधले, त्याला एकट्यालाच कासारणीपुढे उभं केलं आणि विचारलं, "ह्योच का गं त्यो?"

कासारणीने त्याच्या हातांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. "व्हय, ह्योच."

मुखवटा काही सापडला नाही. शिक्षा तेवढी लगेच सापडली. कडेलोट!

विणकराची बायको रडत गडावर गेली. तिथला मोठा न्यायाधीश म्हातारा होता, जन्मभर खरं-खोटं निवडून पार शिणला होता. ती म्हणाली, "सरकार, ती बाई खोटं बोलत न्हाई म्हणत्यात. तिच्या डोळ्यांशी मी कशी भांडू?"

न्यायाधीशाने कपाळ चोळलं. "खोटारड्याचं मला काही वाटत नाही गं. दोन प्रश्नांत उघडा पडतो. खरं बोलणारा माणूस चुकला, की माझी झोप उडते."

त्याने विणकराचे दोर त्याच दिवशी सोडायला लावले. मनगटं पुरती बरी झाल्यावर कासारणीला बोलावणं धाडलं. सारख्याच घोंगड्या पांघरलेली पाच माणसं रांगेत उभी केली.

"सावकाश बघा, बाई," न्यायाधीश म्हणाला. "तो यात नसेलही. नाही म्हणालात तरी कुणी रागावणार नाही."

कासारीण रांगेपुढून चालू लागली. जन्म मनगटं बघण्यात गेलेला. नजर सवयीने तिथेच जायची. विणकरापुढून ती सरळ निघून गेली. शेवटच्या माणसापाशी मात्र थबकली. "ह्योच! देवीची आण, ह्योच!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. न्यायाधीशाला हसू आलं नाही. "बाई, हा माझा पहारेकरी. त्या पहाटे तो इथं माझ्या दारात उभा होता. आज सकाळपासून मी त्याचे हात बांधून ठेवले होते, आत्ताच सोडले."

पहारेकऱ्याच्या मनगटांवर दोराचे लाल वळ होते.

कासारणीने ते वळ बोटांनी चाचपले. "आई गं! म्या खोटं न्हाई बोलले, सरकार."

"माहीत आहे. म्हणून तर बिचाऱ्या विणकराचा जीव जात होता."

विणकर सुटला. सुटला म्हणजे काय, तर कड्यावरून वाचला. तो दिसला की बायका अजून तांब्या-भांडी आत घेत. खरा चोर कोण, ते देवीलाच ठाऊक. आणि न्यायाधीश दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर बसला. गाऱ्हाणी काय संपतात थोडीच!

पुढे एकदा कासारीण विणकराच्या दारात गेली. त्याच्या बायकोने हात पुढे केला. नवरा गेला असता, तर याच हातातल्या बांगड्या फुटल्या असत्या. कासारणीने हात धरला, पण बांगडी काही तिच्याच्याने चढवेना. तिने मान वर केली आणि मागावर बसलेल्या विणकराच्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"ह्यो व्हय त्यो माणूस," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "म्या तर ह्याला कधी बघितलंच नव्हतं."

तात्पर्य: सच्च्या माणसाचे डोळेही चुकतात, कुणाचा जीव एकट्या त्यांच्या भरवशावर कड्यापर्यंत नेऊ नये.