अक्षरावरची रेघ

७ जानेवारी १९०४. घाटमाथ्यावर दुपारपासून दाट धुकं होतं. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या यमुनाबाई ठोसर गोऱ्यांच्या दफनभूमीतून घरी निघाल्या होत्या. वहाणेतला खडा काढायला त्या एका थडग्याला टेकल्या, तर एका थंडगार हातानं त्यांचं मनगट धरलं.

"कर्नलच्या दगडाला हात लावतेस?" धुक्यातून आवाज आला. "तुला न्यायला किती वर्षांनी येऊ, ते याच दगडावर लिही. रोमन आकड्यात, एकच अक्षर. I किंवा V, दुसरं कुठलं चालणार नाही."

यमुनाबाईंनी दुसऱ्या हातानं कमरेला खोचलेला खडू काढला आणि V लिहिला.

"पाच वर्षं!" कर्नल खदाखदा हसला.

"थांबा साहेब, अक्षर पुरं कुठं झालंय?" असं म्हणत त्यांनी V च्या डोक्यावर आडवी रेघ ओढली. "आमच्यात रेघेशिवाय अक्षर बोडकं दिसतं. तुमच्या आकड्यांत रेघेनं काय होतं?"



"हजारपट," दगडाच्या आतून आवाज आला. "पाच हजार."

मनगट सुटलं.

यमुनाबाई एक्याऐंशीव्या वर्षी आपल्या घरी झोपेत वारल्या. कर्नल ७ जानेवारी ६९०४ रोजी येणार आहे.