आकाची पांढरी छाती

हा समोर बसलाय तो आमचा कुत्रा. भिऊ नका, तो उगाच भुंकत नाही. उभा राहिला की माणसाच्या कमरेला लागतो. कान लहान, तिकोनी, जरा पुढे झुकलेले. शेपटी वळून पाठीवर बसलेली. अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ आणि बाहेरचा राठ, म्हणून आमच्या अकिता प्रांतातला छातीभर बर्फही त्याला बाधत नाही. रंग तांबूस, पण गाल, छाती आणि पोट पांढरं. पूर्वी हे कुत्रे सगळेच्या सगळे तांबडे होते, असं सांगतात.

त्या काळी आमच्या ओनोसावा गावात तोकुजी नावाचा शिकारी राहत असे. गावाचं पोट अस्वलांच्या शिकारीवर चालायचं. कुत्र्याने अस्वलाला अडवून धरायचं आणि शिकाऱ्याने भाला घेऊन पुढे व्हायचं, अशी रीत. तोकुजीच्या कुत्र्याचं नाव आका, म्हणजे तांबडा.

हिवाळा सरता सरता दोघं डोंगरावर गेले. गुहेतून अस्वल निघालं ते थेट तोकुजीच्या अंगावर आलं. आका मध्ये पडला. शिकवलं होतं तसं त्याने अस्वलाला अडवून धरलं. आता भाला चालवायचा, एवढंच उरलं होतं. पण तोकुजीच्या हातून भाला गळाला आणि तो उतारावरून धावत सुटला. मागून आकाचं भुंकणं बराच वेळ ऐकू येत होतं म्हणे. तोकुजी थांबला नाही.

गावात येऊन त्याने सांगितलं, "अस्वल दिसताच कुत्रा पळाला. मी एकटा काय करणार?"

लोकांनी विश्वास ठेवला. आकाची पिल्लं शेजाऱ्यांनी महिन्यापूर्वीच हौसेने नेली होती. भेकडाची अवलाद नको, म्हणून ती एकेक करून त्यांनी तोकुजीच्या दारात आणून ठेवली. तोकुजीने ती आत घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आका आला, रक्ताने माखलेला, पाय ओढत. गाव गोळा झालं. आका कुणाकडे न बघता तोकुजीच्या पायाशी गेला, शेपटी हलवली आणि तिथेच आडवा झाला.

तोकुजीची बायको ओसेई जखमा धुवायला बसली. धुता धुता तिचा हात थांबला.

"सगळ्या जखमा पुढे आहेत," ती म्हणाली. "गालांवर, छातीवर, पोटावर. पाठीवर एक ओरखडा नाही. मग पळालं कोण?"

तोकुजी बर्फात गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मी."

आका जगला. जखमा भरल्या तिथे केस मात्र पांढरे आले, आणि पुढे त्याची सारी पिल्लं तशीच जन्मली म्हणे. त्याने तोकुजीवर राग धरला नाही. पूर्वीसारखाच त्याच्या मागे मागे चालायचा, आणि तेच तोकुजीला सहन होईना. गाव सोडून जातो, असं तो वडीलधाऱ्यांना म्हणाला. त्यांनी जाऊ दिलं नाही. "इथेच राहा," ते म्हणाले, "आणि येईल त्या पाहुण्याला हे तुझ्या तोंडाने सांग."

मी तोकुजीच्या वंशातला. आजही गावात ही गोष्ट दुसरं कुणी सांगत नाही, आमच्याच घरातल्या माणसाने सांगायची असते. वडिलांनंतर चाळीस वर्षं मी सांगतोय. तो उतारावरून धावत सुटला, इथवर आलो की अजून माझी नजर खाली जाते.